मासे-भाजीचा वाफा देखणा करताना

माशांच्या टाकीतले पाणी पंपाने भाजीच्या वाफ्यात चढवायचे आणि तिथून निथळून पुन्हा टाकीत सोडायचे, या पद्धतीला ॲक्वापोनिक्स म्हणतात. वाराणसीत ब्रह्माघाट, दुर्गाघाटाकडच्या जुन्या मराठी घरांना चौक असतो, परस नसते. पण गावाबाहेरच्या नव्या वस्त्यांत घरामागे थोडी मोकळी जागा मिळते आणि तिथे ही मांडणी चांगली बसते. फक्त दिसायला ती ओबडधोबड असते: पांढरी प्लास्टिकची टाकी, उघडे पाइप, लोंबणारी वायर. हे रूप आपल्याला नक्की पालटता येते. मात्र जे झाकाल ते उघडता आले पाहिजे आणि जे पाण्याला लागेल ते निर्धोक असले पाहिजे.

सुरुवात सजावटीने करू नका. मासे अमोनिया बाहेर टाकतात. वाफ्यातल्या खडीवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे नायट्रेट म्हणजे झाडांचे खत. जिवाणूंचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात पाइप हलवावे लागतात, पाणी वरचेवर तपासावे लागते. तोवर टाकी उघडीच बरी.

टाकीची जागाही तेव्हाच पक्की करा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, खडीचे वेगळे. नुसत्या मातीवर ठेवलेली टाकी पहिल्या पावसाळ्यात एका बाजूला खचते, आणि मग कितीही सजवली तरी पाण्याची तिरकी रेघच डोळ्यात भरते. खाली पक्का, समतल ओटा हवा. जुन्या घराच्या गच्चीवर तर अभियंत्याला विचारल्याशिवाय हे वजन चढवूच नका.

मग उजेडाचा बंदोबस्त. पांढऱ्या प्लास्टिकमधून ऊन आत गेले की शेवाळ माजते आणि पाणी हिरवेगार होते. टाकीला बाहेरून, फक्त बाहेरूनच, रंग द्या. प्लास्टिकवर रंग टिकत नाही आणि महिन्याभरात पोपडे सुटतात, म्हणून आधी बारीक पॉलिश पेपरने घासा आणि प्लास्टिकचा प्रायमर लावा. त्यावर उजेड अडवणारा गडद हात आणि सर्वांत वर फिका हात. वरचा थर काळा ठेवलात तर मे-जूनच्या उन्हात पाणी तापेल; इथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो.

रंगानंतर आवरण. बांबूची चटई स्वस्त आणि सुरेख दिसते. खर्च करायचा असेल तर शेजारच्या मिर्झापूर जिल्ह्यातल्या चुनारचा वाळूचा दगड घ्या. सारनाथचा अशोकस्तंभ आणि इथले कितीतरी घाट याच दगडाचे. त्याच्या पातळ फरशा चौकटीवर बसवा. आवरण आणि टाकी यांच्यात चार बोटे अंतर ठेवा आणि पंपाच्या बाजूला एक फळी दारासारखी उघडणारी करा. सगळ्यांत जास्त गडबड इथेच होते. आवरण पक्के चिणले जाते, पंपाच्या जाळीत कचरा अडकतो आणि मासे वाचवायला भिंत फोडावी लागते.

काठाकडे विशेष लक्ष द्या. दुर्गाकुंडापाशी थोडा वेळ उभे राहून पाहा: तांबडे देऊळ आणि त्याच्या शेजारचे चौकोनी पाणी. दगडाची सरळ, अखंड कड पाण्याला रूप देते. टाकीच्या तोंडाभोवती हातभर रुंद दगडी कड घातली की प्लास्टिक दिसेनासे होते आणि बसायलाही जागा होते. कड सिमेंटने बसवलीत तर सांधे पूर्ण सुकू द्या आणि धुऊन ते पाणी बाहेर टाका. ओल्या सिमेंटमधला चुना टाकीत उतरला की पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, वर चढतो आणि चढत्या सामूत अमोनिया माशांना अधिक घातक ठरतो.

आता मोहाची गोष्ट. ठठेरी बाजारात तांब्या-पितळेची इतकी सुंदर भांडी दिसतात की पाणी गोमुखातून किंवा घंगाळातून पाडावे असे वाटणारच. कृपा करून तसे करू नका. या टाक्यांतले पाणी हळूहळू आम्लतेकडे झुकते, त्यात तांबे विरघळते आणि माशांच्या कल्ल्यांना इजा करते. पितळेतले जस्तही घातकच, आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचा मुलामाही जस्ताचाच. धार दगडी किंवा भाजलेल्या मातीच्या पन्हळीतून पाडा. तिचा आवाज कानाला गोड लागतो आणि पडणाऱ्या पाण्यात हवाही मिसळते.

खडी घेताना मूठभर दगडांवर व्हिनेगर टाकून पाहा. फेस आला तर त्यात चुनखडी आहे, घेऊ नका. वाफ्यातले पाणी खडीच्या पृष्ठभागाच्या दोन बोटे खालीच राहिले पाहिजे. वरचा थर कोरडा असला की त्यावर शेवाळ धरत नाही आणि डासही होत नाहीत. या कोरड्या थरावर फुटक्या कुल्हडांचे धुतलेले तुकडे पसरा. मातकट तांबड्या रंगावर हिरवी पाने फार उठून दिसतात.

लावणीत उंच झाडे मागे: अळू, कर्दळ. मधे थंडीत पालक, उन्हाळ्यात तांबडा माठ. कडेवरून ओघळायला ब्राह्मी. झेंडूही चांगला येतो. पुदिना मात्र वेगळ्या कुंडीत लावा, त्याची मुळे नळीत शिरून पाणी तुंबवतात. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर झाडांना लोह मिळत नाही असे समजा. बोअरचे पाणी जड असेल तर हे हटकून होते. चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेले राहणारे लोह, थोडे थोडे द्या. कीड पडली तरी औषध फवारू नका. ते थेट माशांपर्यंत पोचते.

वर बांबूचा मांडव आणि अर्धे ऊन अडवणारी जाळी हवी. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीचा हवा-पंपही जवळ ठेवा. मांडवावर गोकर्ण चढवलात तर जाळी झाकली जाते. माकडांसाठी टाकीवर वेगळी, ताणून बसवलेली जाळी लागते. सैल जाळी ती एका दुपारीत ओढून काढतात.

घरच्यांना एवढे सांगून ठेवा की निर्माल्य या पाण्यात सोडायचे नाही. फुले कुजताना माशांचा प्राणवायू खातात. आणि दिवाळीपूर्वी शेजारच्या भिंतीला चुन्याची सफेदी करणार असाल, तर त्या दिवशी टाकी आणि वाफा ताडपत्रीने झाका. हवा-पंप मात्र चालूच राहू द्या.