विमानतळावरील वानवळा

परगावाहून रिकाम्या हातांनी परतू नये, हा आपल्याकडील जुना शिरस्ता आहे. मुलांना खाऊ हवा, शेजाऱ्यांना वानवळा हवा. एस.टी.चा प्रवासी फलाटावरच्या विक्रेत्याकडून काहीतरी घेतो. विमानाचा प्रवासी कामाच्या धांदलीत बाजारात जायचे राहिले, की सुरक्षा-तपासणीपलीकडच्या दुकानात शिरतो. तेथे किंमत पाहून तो दचकतो. त्यात नवल नाही. दुकानदाराला जागेचे भाडे, पुष्कळदा विक्रीतील हिस्साही, विमानतळाला द्यावा लागतो. आणि गिऱ्हाइकाला तर दुसरे दुकान शोधण्यास बाहेर पडता येत नाही.

'परंतु ही दुकाने जकातमुक्त असतात ना?' असे कोणी विचारील. सगळीच नसतात. आयर्लंडमधील शॅनन येथे १९४७ साली ब्रेंडन ओ'रीगन यांनी विमानतळावरील पहिले जकातमुक्त दुकान काढले. अटलांटिक ओलांडणारी विमाने त्या काळी इंधनासाठी तेथे उतरत. उतारू थोडा वेळ खाली येत, पण कायद्याच्या दृष्टीने देशात शिरत नसत. मग त्यांनी बाहेर नेलेल्या मालावर देशाने कर का घ्यावा? सवलत निघाली ती या विचारातून, आणि म्हणूनच ती सरहद्द ओलांडणाऱ्यापुरती आहे. गोव्याहून इंदूरला किंवा हैदराबादला निघालेल्या माणसास तिचा लाभ नाही.

आता गोव्याचाच दाखला घेऊ. दाबोळी असो वा २०२३ साली सुरू झालेले मोपा असो, घाईतल्या प्रवाशाचा हात प्रथम काजूकडे जातो. काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले आणि ते या भूमीचेच होऊन गेले. तथापि आपल्या देशातील कारखान्यांत आफ्रिकेतून आलेले कच्चे काजूही फोडले जातात. तेव्हा वेष्टनावर 'गोवा' हे नाव छापलेले असले म्हणजे आतला गर गोव्याच्या डोंगरावरचा असेलच असे नाही. गोव्याच्या काजूला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे चिन्ह पाकिटावर आहे का, हे अवश्य पाहावे. येथील बागाईतदाराच्या पदरात आपल्या खरेदीतले काही पडावे अशी इच्छा असेल, तर तेवढे कष्ट घेण्याजोगे आहेत. किंमत वाचताना वजनही वाचावे.

बेबिंक घ्यायचे तर तारीख पाहावी. नारळाचे दूध व अंड्यांचा बलक यांचा एकेक थर वरून आच देऊन भाजीत हे पक्वान्न रचतात. नाताळात घरोघरी त्याचा मान मोठा.

काजूच्या बोंडांची फेणी नेणाऱ्याने मात्र प्रवासाचा मार्ग ध्यानात घ्यावा. परदेशी जाताना वाटेत विमान बदलायचे असेल, तर शंभर मिलिलिटरहून मोठी बाटली पुढच्या तपासणीत अडू शकते. अशा वेळी दुकानदाराकडून ती मोहोरबंद पिशवीत, पावती बाहेरून दिसेल अशी घालून घ्यावी आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत पिशवी फोडू नये.

राहिल्या त्या चाव्या अडकवायच्या साखळ्या आणि चुंबकाची चित्रे. मुलांना त्या आवडतात. वीस जणांना काही द्यायचे असेल तर सोयीच्याही पडतात. पण वानवळा म्हणजे आपल्या शेतामळ्यातले नवे पीक सोयऱ्यांकडे धाडणे. त्या अर्थाने त्यांना वानवळा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.