लेकीचा दुबईतील उन्हाळा

सोमेश्वरनगरचा उन्हाळा कडक खरा, पण कोरडा; घाम वाळतो आणि अंग निवते. दुबईत उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि त्यात समुद्राची दमट हवा असते. घाम वाळत नाही, म्हणून शरीरातील उष्णता बाहेर पडत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात भर दुपारी उघड्यावर काम करण्यास तेथे बंदीच असते.

जावयाच्या नोकरीपायी तेथे गेलेली आपली लेक मग दिवसभर वातानुकूलित घरात एकटीच असते. अंगावर ऊन पडत नाही; ‘ड’ जीवनसत्त्व घटते, हाडे व स्नायू दुखतात. गारव्यात तहान जाणवत नाही, पाणी कमी प्यायले जाते. आणि मनातला एकटेपणा पुष्कळदा अंगदुखीच्या, निद्रानाशाच्या रूपाने बोलतो.

तेव्हा फोनवर ‘जेवलीस का?’ एवढ्यावर थांबू नका. झोप लागते का, आज कोणाशी बोललीस, संध्याकाळी बाहेर पडलीस का, हेही विचारा. दुखणे टिकून असेल, तर तेथील डॉक्टरांना दाखवण्याचा आग्रह धरा.

‘मी मजेत आहे,’ असे ती म्हणेल. तरीही क्षणभर थांबा. खरे उत्तर बहुधा त्यानंतर येते.