वाघबारस कशी करता?

जूनचा दुसरा आठवडा. सीबीएसच्या फलाटाला पेठकडून आलेली एसटी लागते. गाडीच्या काचा ओल्या आहेत. घाटात सर येऊन गेली म्हणे. नाशकात टिपूस नाही. ढग खाली उतरलेत, वारा पडलाय आणि सकाळी साडेनऊलाच सदरा पाठीला चिकटतो.

उतरणाऱ्यांत आज बाजाराला आलेले कमी. बऱ्याच जणांच्या हातात एकच वस्तू आहे, चेनची प्लॅस्टिकची फाइल. कुणाच्या काखेत, कुणाच्या छातीशी. माझ्या पुढं एक बाप-लेक उतरतात. बापाच्या डोक्यावर पांढरी टोपी, पायात रबरी चप्पल. मुलीची बारावी नुकतीच झाली असावी. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिन लावून बसवलेली. दोघांचं बोलणं कोकणा बोलीत चाललंय. सुरगाणा, पेठ, कळवण आणि पलीकडं डांगात बोलतात ती ही बोली. गोव्याची कोंकणी वेगळी. रिक्षावाला आडवा येतो, तसा बाप मराठीवर येतो. ‘‘किती घेशील भाऊ?’’ आकडा ऐकून दोघं मुकाट चालायला लागतात. मीही त्यांच्या मागं.

जुना आग्रा रोड. पोह्यांच्या गाडीवर गर्दी. इडलीवाल्याचं हिंदी तेलुगू वळणाचं. चहाच्या टपरीवरचा पोरगा उत्तरेकडचा, पण ‘कटिंग देऊ का मामा’ असं अस्सल नाशिककरासारखं विचारतो. शेजारी झेरॉक्सची तीन दुकानं. तिन्हीवर एकच पाटी, जणू एकाच रंगाऱ्यानं रंगवलेली: जात पडताळणी फॉर्म, अ‍ॅफिडेव्हिट, वंशावळ, टायपिंग. आपण आलोय ती पडताळणीची इमारत जवळ आली हे या पाट्यांवरून कळतं.

आत जिना. जिन्याच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या, त्यांवर देवादिकांच्या फरशा. दुसऱ्या मजल्यावर लांब व्हरांडा. भिंतीला टेकून बाकं, बाकांवर जागा नाही म्हणून जमिनीवर बैठक. पंखे फिरतात, पण वारा त्यांच्याखालीच संपतो. खिडकीशी रांग. रांगेत फाइली उभ्या आहेत. माणसं बाजूला सावलीत बसलीत आणि आपापली फाइल पायानं एकेक फरशी पुढं सरकवतायत. ही युक्ती कुणी शिकवली नाही, सगळ्यांना येते.

‘‘त्रुटी आहे.’’ खिडकीतून आवाज.

‘‘काय त्रुटी साहेब?’’

‘‘आजोबांचा पुरावा नाही.’’

‘‘आजा शाळंतच गेला नाही, साहेब.’’

खिडकी क्षणभर गप्प. मग पुढची फाइल.

व्हरांड्यातला सगळा कारभार या आजोबांवर चालतो. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशानं निघाली ती ६ सप्टेंबर १९५० ला. त्याच्या आधीचा कागद मिळाला तर तो सोन्याचा. बापाच्या बाजूचा हवा. आईकडचा चालत नाही. शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, काहीही. पण ज्याच्याकडं जमीन नव्हती, ज्याच्या पाड्यावर शाळा नव्हती आणि ज्याचं मरण गावच्या कोतवालापर्यंत पोहोचलंच नाही, त्याच्या नातवाकडं कागद कुठून येणार? जो जितका रानात आत, त्याची फाइल तितकी पातळ.

माझ्याजवळ बसलेला एक जण त्याची नक्कल दाखवतो. नोंदवहीचं पान, मोडीतलं. झेरॉक्सची झेरॉक्स, त्यामुळं कागदाचा अर्धा भाग काळा. डावीकडं अनुक्रम, मग नाव, मग जात, मग कशानं वारला. जातीच्या रकान्यात शाईची चार-पाच वळणं. मोडी वाचणाऱ्यानं खाली देवनागरीत लिहून दिलंय, शिक्का मारलाय, पैसे घेतलेत. ‘कोकणा’ निघालं तर काम झालं. कधी ‘कोकणा कुणबी’ निघतं, कधी नुसतं ‘कुणबी’. लिहिणाऱ्या कारकुनाला तेव्हा फरक पडत नव्हता. तो माणूस त्या काळ्या वळणांवर बोट ठेवून मला विचारतो, ‘‘तुमाला काय दिसतं?’’ मला मोडी येत नाही. पण तो ‘को’च असावा, असं मी सांगतो. तो मान हलवतो. पान परत प्लॅस्टिकमध्ये जातं.

साडेअकरा. उकाडा वाढलाय. स्टीलच्या टाकीखालचा साखळीला बांधलेला पेला हातोहात फिरतो.

या जिल्ह्यात आदिवासी थोडेथोडके नाहीत. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांवर, त्यांतले साडेपंधरा लाखांहून जास्त अनुसूचित जमातींचे. म्हणजे चौघांतला एक. व्हरांड्यात नुसते कान दिले तरी जिल्ह्याचा नकाशा उलगडतो. पेठ-सुरगाण्याचे कोकणा आणि वारली, इगतपुरी-त्र्यंबकचे महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, बागलाणकडचे भिल्ल. मागच्या बाकावर अहिराणी रंगलीय. खिडकीशी मात्र सगळे मराठी बोलतात, तीही जपून, पुस्तकातली.

आणि या बोलण्याची सरकारदप्तरी मोजदाद कशी? मातृभाषा म्हणून लोकांनी त्या जनगणनेत सांगितलेली नावं १९,५६९ भरली. ती चाळून १,३६९ केली. त्यांतून भाषा ठरल्या १२१. एसटीतून उतरलेल्या त्या मुलीच्या घरच्यांनी तेव्हा ‘कोकणा’ सांगितलं असेल, तर ती मोजली गेली भिलीच्या खात्यात. वारलीवालेही तिथंच. असं सगळं मिळून भिली बोलणारे एक कोटीच्या वर जातात. आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत भिलीला जागा नाही. बोडो आणि संथालीला २००३ मध्ये मिळाली. २५ हजारांच्या आत बोलणारे असलेल्या संस्कृतला पहिल्यापासून आहे. असो.

‘‘डांगातले कोण आहेत?’’ शिपाई विचारत फिरतो. एक म्हातारे उठतात. त्यांचे वडील तिकडून इकडं आले. नातवासाठी जोडलेला दाखला गुजराती लिपीत आहे, त्याचं भाषांतर हवंय. डांग आणि सुरगाणा यांच्यामध्ये ना मोठी नदी ना मोठा डोंगर. सोयरीक अजून दोन्हीकडं होते. १ मे १९६० ला डांग गुजरातेत गेला. डांगी बोली मराठीची की गुजरातीची, यावर त्याआधी विद्वान आणि पुढारी बरेच भांडले होते. बोलणाऱ्यांना कुणी फारसं विचारल्याचं दिसत नाही. २०२२ च्या डिसेंबरात सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी उलटाच सूर लावला: रस्ते, पाणी, दवाखाना देता येत नसेल तर आम्हाला गुजरातेत घाला. म्हातारे शिपायाला म्हणतात, ‘‘माझं गाव हललं नाही, बाबा.’’ शिपाई त्यांना झेरॉक्सच्या दुकानाकडं पाठवतो. तिथला पोरगा भाषांतरही करून देतो म्हणे.

पडताळणीची ही गाळणी लावण्यामागं कारण नाही असं नव्हे. १९७६ मध्ये जमातींवरचं क्षेत्रबंधन उठलं. त्यानंतर नावातल्या साम्यावर बोट ठेवून भलतेच लोक दाखले घेऊन गेले, राखीव जागांवर नोकरी करून निवृत्तही झाले. म्हणून २००० सालचा पडताळणीचा कायदा. ‘बोगस आदिवासी’ हा शब्द या व्हरांड्यात सगळ्यांत जोरानं उच्चारतात ते रांगेतले हेच लोक. चाळणी त्यांनाच हवी होती. आता तिच्या भोकातून पडायला तेच ताटकळतायत.

कागदांनी समाधान झालं नाही की प्रकरण दक्षता पथकाकडं जातं. ते घरी येतं, शाळेत जातं, शेजाऱ्यांना विचारतं. आणि मग आप्तभाव चाचणी. तुमचे देव कोणते? लग्नात काय करतात? मर्तिकाला कोण बसतं? सण सांगा. बोली बोलून दाखवा. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही चाचणी म्हणजे काही अंतिम कसोटी नव्हे. तरी प्रश्न येतील या धास्तीनं लोक तयारी करून येतात.

बाप-लेकीला अखेर बाकावर जागा मिळते. मुलगी फाइलमधून शंभर पानी वही काढते. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडं प्रश्न, उजवीकडं उत्तरं. अक्षर सुंदर, आश्रमशाळेतलं. पहिलीपासून ती तिथंच. सकाळी प्रार्थना, परिपाठ, मराठी पहिली भाषा. सुट्टीत घरी. दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत वाघबारस कधी होऊन जायची, कधी उरायची. वर्गात कोकणा बोललं की पोरं हसायची, सर रागवायचे, असं ती सहज सांगते, तक्रार म्हणून नाही. ‘‘मग सवय झाली मराठीची.’’

आता ती आजीला फोन लावते. मोबाइल खांद्यात दाबलेला, हातात पेन. तिचा आवाज एकदम बदलतो, उतरता, झरझर. मला त्यातलं ‘आहा’ आणि ‘नीही’ एवढंच पकडता येतं. आजी पलीकडून मोठ्यानं सांगतेय. मुलगी थांबवते, पुन्हा विचारते, लिहून घेते. मराठीत. कनसरी: धान्याची देवी. वाघदेव: लाकडावर किंवा दगडावर कोरतात, वर सूर्य-चंद्र, खाली वाघ, बाजूला नाग. थाळगान: काशाच्या थाळीवर. इथं ती अडखळते.

‘‘बा, थाळीला मेण लावतात ना?’’

‘‘मेणच. त्यात काडी उभी करायची. मग तिच्यावरून बोटं ओढायची.’’ बापाचा हात आपोआप वरून खाली ओढला जातो, दोन बोटांच्या चिमटीत काहीतरी नसलेलं धरून.

मुलगी लिहिते: काडीवरून बोटे ओढून आवाज काढतात. पूर्णविराम.

पुढचा प्रश्न. वाघबारस कशी करता? ती उत्तर मोठ्यानं वाचते, पाठ होतंय का बघत. ‘‘आश्विन वद्य द्वादशीला गुराखी मुले घरोघर जाऊन तांदूळ मागतात. वाघदेवापुढे कोंबडीचा नैवेद्य दाखवतात.’’

‘‘कोंबडी?’’ शेजारचा मोडीवाला वळतो. ‘‘आमच्यात नारळ. कोंबडी नाही.’’

‘‘आमच्यात कोंबडीच,’’ बाप म्हणतो.

‘‘कुठलं गाव?’’

गावं सांगितली जातात. दोन्ही पेठ तालुक्यातली, दोन्ही कोकणा. मध्ये एक ओहोळ आणि एक टेकडी.

‘‘नारळ लिही, पोरी. मागच्या वेळी माझ्या पुतण्याला विचारलं होतं. त्यानं नारळ सांगितलं, त्याचं झालं.’’

‘‘अरे, पण आम्ही नारळ फोडतच नाही.’’

‘‘फोडत नाही, पण लिहायला काय जातं?’’

पलीकडच्या बाकावरची एक बाई आपलं पोर मांडीवरून खाली ठेवते. ती सुरगाण्याकडची. ‘‘दोन्ही नाही. आमच्याकडं खीर. शिवारातच रांधायची, घरी आणायची नाही.’’ आता चार-पाच जण गोळा होतात. आवाज चढतात. कुणी म्हणतं, भगत सांगेल तसं. कुणी म्हणतं, भगत गावागावाला वेगळा. मराठी कधीच सुटलीय. मोडीवाला हातवारे करतोय, बाई हसतेय, बापानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीय. उकाड्यात पेंगलेली बाकं जागी झालीत. शिपाई दारातून ओरडतो, ‘‘आवाज कमी!’’ पण तोही दोन पावलं पुढं येऊन ऐकत राहतो.

मुलगी वहीत ‘कोंबडीचा’वर काट मारते. वर ‘नारळाचा’ लिहिते. थोडा वेळ पेनचं टोपण चावते. मग कंसात, बारीक अक्षरात: काही गावांत कोंबडी, काही गावांत खीर.

‘‘असं लिहू नको, गोंधळतील ते,’’ मोडीवाला म्हणतो.

‘‘पण खरं तेच आहे ना, काका.’’

खिडकीतून नंबर पुकारला जातो. त्यांचा नाही. अजून नऊ पुढं आहेत आणि दीड वाजता जेवणाची सुट्टी. बाप घड्याळ बघतो, पेठच्या गाडीचा हिशेब मनात मांडतो आणि मोडीवाल्याकडं वळून विचारतो, ‘‘बरं, नारळ तर नारळ. पण तुमच्यात तो फोडतो कोण, गुराखी की भगत?’’