पोचा निघावा, रंग राहावा

गाडीला पहिला पोचा पडतो तेव्हा घरात मोठी चौकशी बसते. कुणी लावला, कुठे लावला, वॉचमन काय करत होता? उत्तर बहुधा मिळत नाही. शेजारच्या स्कूटरचे हँडल, मुलांचा सीझन बॉल, कोकणात अंगणात उभ्या गाडीवर पडलेला नारळ, नाहीतर बाजारात कुणी घाईने उघडलेले शेजारच्या मोटारीचे दार. मग गाडी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जाते. तो पोच्यावरून हात फिरवतो, ‘दोन दिवस ठेवा’ म्हणतो, आणि दोन दिवसांनी दार गुळगुळीत होऊन येते. आपण खूश! त्या दोन दिवसांत आपण काय गमावले, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

गमावलेला असतो तो कारखान्यातला रंग. नवी गाडी रंगते तेव्हा ती गाडी नसतेच, नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. काचा नाहीत, वायरी नाहीत, गाद्या नाहीत. तो अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या प्रवाहाने पहिला थर कोपऱ्याकोपऱ्यात चिकटवतात. त्यावर प्रायमर, मग रंग, मग पारदर्शक चकाकीचा थर. भट्टीचे तापमान दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. सगळे थर मिळून जाडी भरते जेमतेम एक दशांश मिलिमीटर, पण तेवढ्यावर गाडी कित्येक उन्हाळे-पावसाळे काढते.

गॅरेजमध्ये ही भट्टी लावता येत नाही. गाडीत आता प्लास्टिक आहे, रबर आहे, पेट्रोलची टाकी आहे. त्यामुळे चांगल्या बूथमध्येही साठ अंशांच्या आसपासच थांबावे लागते आणि रंगही वेगळ्या जातीचा, हार्डनर घालून वाळणारा वापरावा लागतो. शिवाय पोचा ठोकून काढला की पत्रा खडबडीत होतो. त्यावर लांबी भरायची, वॉटर पेपरने घासायची, मग प्रायमर, मग रंग. चंदेरी किंवा मेटॅलिक छटा असली तर जुन्याशी नवी जुळवताना शेजारच्या भागावरही फवारा न्यावा लागतो. रुपयाएवढ्या पोच्यासाठी दीड दार रंगते. चांगला पेंटर हे काम उत्तम करतो, त्याच्या कौशल्याबद्दल शंका नाही. प्रश्न एवढाच, की रंग फुटलेलाच नसेल तर तो खरवडायचा कशाला?

रंगाला हात न लावता पोचा काढण्याची विद्या आता आपल्या मोठ्या शहरांतही चांगली रुळली आहे. धंद्यात तिला पीडीआर म्हणतात, म्हणजे पेंटलेस डेंट रिपेअर. युरोप-अमेरिकेत या कारागिरांना मोठे काम देतात त्या गारा. १२ जुलै १९८४ रोजी म्युनिकवर गारांचे वादळ आले, त्यात सुमारे दोन लाख मोटारींचे नुकसान झाले. एकेका टपावर शंभर पोचे पडले असतील तर सगळे टप रंगवत बसायचे की काय?

ही विद्या चालते कशी, ते समजायला स्वयंपाकघरातल्या पातेल्यापासून सुरुवात करावी. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतून गेलेल्या वाचकांना तो ठोक्यांचा नाद आठवत असेल. तांब्यावर ठोके पडत गेले की ते कडक होत जाते. मग तांबट ते भट्टीत तापवून मऊ करतो आणि पुन्हा मठारायला घेतो. मोटारीचा पत्रा पोलादाचा, पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. तोही वाकला की त्या जागी कडक होतो. पण इथे त्याला विस्तवात घालता येत नाही, कारण वर रंग आहे. म्हणून सगळे काम जवळजवळ थंड पत्र्यावर, अगदी लहान लहान दाबांनी करावे लागते.

पोचा म्हणजे नुसता खड्डा नव्हे. खड्ड्यातला पत्रा ताणलेला असतो, आणि त्याच्याभोवती एक बारीक उंचवटा वर आलेला असतो. हा उंचवटाच खड्ड्याला अडकवून धरतो. कारागीर आधी प्लास्टिकच्या टोकाच्या ठोकणीने तो हलके हलके उतरवतो. मग काचेच्या फटीतून किंवा दाराच्या आतल्या भोकांतून लांब वाकडी सळई घालून पत्रा मागून दाबतो. मागे हात पोचत नसेल तर बाहेरून गोंदाने प्लास्टिकची चकती चिकटवून खेचतो. एका दाबाने पोचा निघत नाही. शेकडो दाब लागतात, प्रत्येक केसभर.

आणि गंमत अशी, की हा माणूस पोच्याकडे पाहतच नाही. तो पाहतो प्रतिबिंबाकडे. शेजारी पट्ट्यापट्ट्यांचा दिवा ठेवलेला असतो. त्याच्या रेघा रंगात उमटतात आणि पोच्यापाशी वाकतात. आत सळईचे टोक हलले की त्या रेघेत एक ठिपका थरथरतो, त्यावरून टोक नेमके कुठे आहे ते त्याला कळते. दाब जास्त झाला तर बाहेर पुटकुळी येते, ती पुन्हा वरून ठोकून बसवायची. रेघा सरळ झाल्या की काम झाले. भंगारातल्या बॉनेटवर महिनोन्‌महिने हात घासल्याशिवाय ही नजर येत नाही.

घरगुती उपायांबद्दलही लिहायला हवे, कारण ते फार चालतात. हेअर ड्रायरने तापवून वर बर्फ ठेवला की पोचा टुणकन बाहेर येतो म्हणे! पन्नास अंशांच्या फरकाने पोलाद मीटरमागे सुमारे ०.६ मिलिमीटर वाढते. तळहाताएवढ्या पोच्याच्या वाट्याला त्यातले काय येणार? मोठा, उथळ, नुसता आत बसलेला पोचा रबरी पंपाने कधीकधी निघतो, हे खरे. बंपरवर गरम पाणी चालते, पण बंपर प्लास्टिकचा असतो. मात्र पत्र्याला थोडी ऊब देण्यात अर्थ आहे. थंडीत रंग ठिसूळ असतो, दाबताना तडकू शकतो.

प्रत्येक पोचा असा निघत नाही. रंगाला तडा गेला असेल, घडीसारखी धारदार दुमड पडली असेल, दाराच्या काठावर पत्रा दुहेरी असेल किंवा आधीच लांबी भरलेली असेल, तर डेंटिंग-पेंटिंगच योग्य. पत्रा फार ताणला असेल तर वर आल्यावर डब्याच्या झाकणासारखा टक्‌टक्‌ करत राहतो. तडा ओळखायला नख फिरवून पाहावे. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत तडा तसाच ठेवला तर खालून गंज धरतो, तिथे रंगाचा मोह सोडावा.

विम्याचेही गणित आहे. वर्षभर क्लेम केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सवलत मिळते, ती पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जाते. विम्याला जोड घेतलेली नसेल तर एका पोच्याच्या क्लेमने ती शून्यावर येते. आणि पुढे गाडी विकायला काढली की घेणारा रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र दारावर टेकवतो. आकडा जास्त आला की अपघाताचा संशय घेतो आणि भाव पाडतो, मग पोचा नारळाने का पडलेला असेना.

काम झाल्यावर गाडी सकाळच्या तिरप्या उजेडात पाहावी. दाराचे आतले अस्तर नीट बसले आहे ना, काच खाली-वर होते ना, आणि सळई घालायला काढलेली रबरी बुचे परत लावली आहेत ना, तेही बघावे. पावसाळ्यात पाणी तिथूनच आत जाते.