बाजार मुलांचा, लुडबूड पालकांची

पंढरपूरहून टेंभुर्णीकडे निघाले, की वाटेत करकंब लागते. ऊसपट्ट्यातील अशा मोठ्या गावांत मुलांना बाजार नवा नसतो. भाजीच्या पाटीमागे आईजवळ बसून भाव ऐकतच कित्येक जण वाढतात. मात्र वर्गात उभे केले, की याच मुलांची मान खाली जाते. त्यांना येत नसते असे नव्हे. आपल्या बोलण्यावर, निर्णयावर काही अवलंबून आहे, हा अनुभव शाळा त्यांना क्वचितच देते.

ही उणीव ओळखून राज्यातील अनेक जिल्हा परिषद शाळा बालआनंद मेळाव्यात 'मुलांचा बाजार' भरवतात. पटांगणात पोती अंथरून मुले मेथी, लिंबे, घरी केलेली भेळ विकायला बसतात. भाव त्यांनीच ठरवायचा, सुटे पैसेही त्यांनीच सांभाळायचे. समजा, ८ रुपयांना पडलेली मेथीची पेंडी एका मुलीला १० रुपयांना विकायची आहे. ऊन चढते, पाने मलूल होऊ लागतात. आता ती ७ रुपयांना द्यावी, की तशीच घरी न्यावी? नफा-तोट्याची उदाहरणे पुस्तकातही असतात, पण तेथे तोटा कोणाचाच होत नाही!

गंमत अशी, की या बाजाराचा विचका बहुधा पालकच करतात. मागे उभी राहून आई भाव सांगते, वडील ओळखीच्यांना बोलावून माल खपवतात आणि मूल नावापुरते दुकानदार उरते. शहरात रात्र जागून मुलाचा 'प्रोजेक्ट' पूर्ण करणाऱ्या पालकांनी यावर हसू नये.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. वेगवेगळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, स्वयंपाक, झाडलोट, शेतीकाम करीत. 'कमवा आणि शिका' हे सूत्र पुढे महाराष्ट्रभर पोहोचले. त्यामागे पैशांची निकड होती, हे खरेच. पण आपण काम केले नाही, तर पंगत अडेल, ही जाणीव मुलाला जे देते, ते भाषणातून देता येत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. या काळात सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडून काम शिकावे, अशी कल्पना आहे. वर्षाच्या मानाने हे दिवस थोडे. उरलेले काम घरालाच करावे लागेल.

त्यासाठी वेगळ्या शिबिराची गरज नाही. रस्ता ओलांडण्याइतके जाणते झालेल्या मुलाला यादी आणि पैसे देऊन ओळखीच्या वाण्याकडे पाठवावे. तो ५ रुपये कमी घेऊन परतला, तर खरी परीक्षा पालकांची. रागावून स्वतः दुकानात धावू नये. हिशेब त्यालाच मांडायला लावावा आणि पैसे मागायलाही त्यालाच पाठवावे. पहिल्या खेपेला तो संकोचून रिकाम्या हाताने परतेल कदाचित. मग दुसऱ्या खेपेला सोबत पावती द्यावी आणि आपण घरीच थांबावे.