शेजाऱ्याच्या दावणीला उपाशी जनावर : तक्रार करावी का?

दिवाळी झाली की आमच्या भागातली गावे अर्धी रिकामी होतात. पाथर्डी, शेवगाव, आष्टी, पाटोदा या पट्ट्यातली माणसे कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलमध्येच परततात. ज्यांची बैलगाडी आहे त्यांचे बैल बरोबर जातात. मागे राहतात म्हातारी माणसे, शाळेची पोरे, एखादी भाकड गाय, दोन शेळ्या आणि दारातले कुत्रे. अशा दिवसांत गावी गेलो की कोणीतरी मला बाजूला घेऊन हळूच विचारते, "साहेब, शेजारच्या गोठ्यातली गाय उपाशी मरायला लागलीय. कुठं कळवावं, का आपलं गप बसावं?"

ऐकायला प्रश्न साधा वाटतो. पण विचारणारी बाई दोन रात्री धड झोपलेली नसते. भिंतीपलीकडे जनावर हंबरते आणि घास गिळवत नाही. दुसरीकडे, शेजारी तो शेजारी. अपरात्री पोरगे तापाने फणफणले तर त्याचीच मोटारसायकल मागायची असते. घरात मयत झाले तर पहिली हाक त्यालाच जाते. त्याच्या दारात पोलीस आणून उभे करायचे म्हणजे पिढीजात संबंध तोडण्यासारखे आहे. तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर मी कधी देत नाही. आधी गोठ्यात काय चालले आहे ते नीट पाहायला सांगतो.

हाडे वर आली म्हणजे मालकाने उपाशी ठेवले, असे लगेच धरून चालू नये. व्यायल्यानंतर दोन-अडीच महिने भरपूर दूध देणारी संकरित गाय अंगाने उतरतेच. दुधावाटे जाते तेवढे तिला खाता येत नाही. पोटात जंत असतील, गोचीड ताप होऊन गेला असेल, पोटात प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकल्या असतील, तर मालक पेंडीची पोती रिचवत असला तरी जनावर खंगते. म्हातारे जनावर दात झिजल्यामुळे कडबा चावू शकत नाही. कुत्र्यांचेही तसेच. आपल्याकडचा कारवानी कुत्रा जातीनेच सडपातळ. त्याच्या मागच्या दोन-तीन बरगड्या दिसतात, आणि ते त्याच्या तब्येतीचे लक्षण आहे. परगावचा पाहुणा त्याला पाहून हळहळतो आणि धनी मनात हसतो.

मग उपासमार ओळखायची कशी? डावी भकाळी पाहा. चरलेल्या, पाणी प्यालेल्या जनावराची भकाळी भरलेली असते. दिवसेंदिवस तिथे खड्डा दिसत असेल तर पोटात काही जात नाही. शेण पाहा. पाणी कमी पडले की शेण कोरडे आणि थोडे पडते. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच बसली पाहिजे. घडी तशीच उभी राहिली, डोळे आत गेले, तर जनावर पाण्यावाचून आहे. गव्हाणीत काय आहे, जनावर किती दिवसांच्या शेणा-मुतात उभे आहे, दाव्याने मान सोलली आहे का, हे दारावरून जाता-येता सहज दिसते. त्यासाठी दुसऱ्याच्या गोठ्यात न विचारता शिरू नये.

आता एक हकिकत सांगतो. गाव आणि माणसे यांची नावे देत नाही. सत्तरी ओलांडलेले एक आबा, मुलगा-सून कारखान्यावर, घरी एक गाय. शेजारच्या वहिनींनी मला सांगितले, "म्हाताऱ्याच्या परसात कडब्याची गंज उभी हाय, पण गाईला घालत न्हाई. एवढा चिकटपणा कुठं असतो व्हय?" तक्रारीचा अर्ज कोणाकडून तरी लिहून घ्यायचे त्यांच्या मनात होते. मी आबांकडे गेलो. गव्हाणीत कडबा होता, पण तसाच पडलेला. शेण पाहिले, अगदी सुके. आबांना विचारले, "पाणी किती वेळा दाखवता?" त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाले, "हापसा तिकडं वेशीकडं. सकाळची एक बादली न् संध्याकाळची एक. तेवढंच आणवतं, सायेब."

दोन बादल्या म्हणजे तीस लिटर धरा, आणि त्यातलेच आबांच्या चुलीला आणि प्यायला. मोठ्या गाईला दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. हिरवा चारा असेल तर त्यातून बरेच पाणी मिळते. नुसत्या कडब्यावर असलेल्या जनावराला सगळे वरून प्यावे लागते. पाणी नसेल तर कोरडी वैरण त्याला जातच नाही. गंज उभी असून गाय उपाशी होती ती यामुळे. वहिनींची दोन पोरे शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर हापशावरून कळशा आणू लागली. मुलाला फोन केला, त्याने गावातल्या एकाला कडब्याची कुट्टी करून देण्यासाठी पैसे पाठवले. पंधरा दिवसांत गाईची भकाळी भरली. अर्ज गेला असता तर काय झाले असते? आबांना चौकीत बोलावले असते, आणि गाईला बादली तेवढीच मिळाली असती.

म्हणून मी म्हणतो, आधी उंबरा ओलांडून जा आणि विचारा. तेही आरोप केल्यासारखे नव्हे. "दादा, गाय उतरलेली दिसते, काही दुखणं आहे का?" एवढे पुरते. मालक अंथरुणावर असेल, घरात कर्ता माणूस गेला असेल, दारूने घर बसले असेल, वैरणीला पैसा नसेल. भाकड जनावराचा प्रश्न तर अलीकडे फार अवघड झाला आहे. गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा 2015 साली राज्यात लागू झाल्यापासून म्हातारा बैल खाटकाला विकण्याची वाट बंद आहे. कायदा बरा की वाईट यावर पारावर भांडणे होतात, त्यात मी पडत नाही. पण खुंट्यावरच्या थकलेल्या बैलाचे रोजचे पोट कोणाला तरी भरावे लागते आणि कोरडवाहू शेतकऱ्याला ते जड जाते, हे खरे आहे. जवळच्या गोशाळेत जागा मिळवून देणे, भावकीतून चार पेंढ्या जमवणे, 1962 या क्रमांकावर फोन करून फिरते पशुवैद्यकीय पथक बोलावणे, ही कामे शेजाऱ्याने करण्यासारखी आहेत. आपल्या बायका-बापड्या न सांगता करतातही.

पण सगळेच मालक आबांसारखे नसतात. दुसऱ्या एका गावात एका सुखवस्तू बागायतदाराने बिऱ्हाड तालुक्याला हलवले. वस्तीवर राखणीला कुत्रा ठेवला, मोटारीच्या खोलीला दोन हात लांबीच्या साखळीने बांधून. गडी आठवण झाली तर भाकरी टाकी. पाण्याचे भांडे साखळीच्या टप्प्याबाहेर लवंडलेले. पिल्लू असताना घातलेला पट्टा कुत्रा मोठा झाला तरी कोणी सैल केला नाही, तो मानेत रुतला आणि जखमेत अळ्या पडल्या. शेजारच्या शेतकऱ्याने तीनदा सांगितले. तिसऱ्या खेपेला उत्तर मिळाले, "कुत्रं माझं आहे. तुझ्या बापाचं काय जातं?"

इथे गप्प बसण्यात शहाणपण नाही. पैसा आहे, माणूस आहे, सांगून झाले आहे आणि तरी जनावर डोळ्यांदेखत सडते आहे, तर कळवावे. मग शेजारधर्माची सबब सांगू नये. जनावर उठू शकत नसेल, जखमेत किडे असतील, मालक कुलूप लावून निघून गेला असेल, तर तीनदा सांगण्याचीही वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरला आणि पोलीस पाटलाला कळवावे.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असावे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा आहे. त्याच्या कलम 11 प्रमाणे आपल्या जनावराला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा गुन्हा आहे. फार आखूड किंवा फार जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, कायम बांधलेल्या कुत्र्याला मोकळे फिरवण्याची हयगय करणे, भुकेने-तहानेने हाल होतील अशा ठिकाणी जनावर सोडून देणे, हेही गुन्हेच. 'जनावर माझे, मी काहीही करीन' हे कायद्याला मान्य नाही. मात्र या कायद्याचे दात बोथट आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला आहे दहा ते पन्नास रुपये! तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 1960 साली पन्नास रुपयांना किंमत होती. आज तेवढ्यात दोन माणसांचा चहा-भजी होते. दंड वाढवण्याचा मसुदा केंद्र सरकारने 2022 साली लोकांपुढे ठेवला होता. शिवाय उपासमारीचा गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस एनसी नोंदवतात आणि पुढचा तपास न्यायालयाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. विष घालून किंवा हातपाय तोडून जनावर मारले तर गोष्ट वेगळी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शेजाऱ्याचे कुत्रे रात्रभर भुंकते म्हणून भाकरीत औषध घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

हा कायदा असा असल्यामुळे नुसत्या शिक्षेच्या आशेने अर्ज करू नये. अर्जाचा उपयोग दुसरा आहे. कागद झाला की मालकाला चार लोकांत उत्तर द्यावे लागते. त्या कुत्र्याच्या बाबतीत तसेच घडले. आधी पशुधन पर्यवेक्षकाला वस्तीवर नेले. त्याने जखम धुऊन अळ्या काढल्या आणि काय पाहिले ते तारखेनिशी लिहून दिले. तो कागद जोडून पोलीस ठाण्यात अर्ज दिला. हवालदाराने तालुक्याला एक फोन केला, तेव्हा बागायतदार दुसऱ्या दिवशी हजर झाला.

इथे एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या अशा गाऱ्हाण्यांपैकी काहींच्या मुळाशी जनावर नसतेच. बांध कोरल्याचा राग असतो, पाटाच्या पाण्याची पाळी चुकवलेली असते, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत विरुद्ध पॅनल असते. मग शेजाऱ्याचा बैल अचानक फार बारीक दिसू लागतो. अशा गृहस्थाला मी एवढेच विचारतो, "उद्या तो बैल तुमच्या दावणीला आणून बांधला तर सांभाळाल का?" बहुतेक वेळा विषय तिथे बदलतो. खोट्या अर्जाने वैर तर वाढतेच, शिवाय पुढच्या खऱ्या अर्जाकडे ठाण्यात कोणी मान वर करून पाहत नाही.

रात्री जाऊन दुसऱ्याचे जनावर सोडून देणे हा तर मुळीच उपाय नव्हे. मालक चोरीची फिर्याद देईल, आणि सुटलेली गाय कोणाच्या गव्हात शिरली तर कोंडवाड्यात जाईल. साखळीवर दिवसेंदिवस राहिलेल्या कुत्र्याच्या जवळ अनोळखी माणसाने जाऊ नये, पोरांना तर मुळीच पाठवू नये. लाळ गळते, आवाज बदललेला आहे, पाणी गिळता येत नाही असे दिसले तर लांब राहून डॉक्टरला कळवा. चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि थेट सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हळद-चुना लावत बसू नका.

तक्रार करायचीच ठरली तर आधी सरपंच, पोलीस पाटील किंवा तंटामुक्ती समितीतल्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन मालकाला एकदा समोरासमोर सांगा. तो दिवस लिहून ठेवा. पुढे कोणत्या तारखेला, किती वाजता, काय दिसले ते वहीत टिपा. ऐकीव गोष्ट टिपू नका. फोटो काढायचा तो रस्त्यावरून किंवा आपल्या हद्दीतून. पशुवैद्यकीय दवाखान्यातून तपासणी करवून घ्या, कारण जनावर आजारी की उपाशी हे तुम्ही-आम्ही सांगून चालत नाही. अर्जात मालकाच्या स्वभावाबद्दल, दारूबद्दल, जुन्या भांडणाबद्दल एक ओळही नको. प्रतीवर पोच घ्या. आणि उशीर करू नका; या कायद्याखाली गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर खटला भरता येत नाही.

जनावर मालकाने सोडले तर ते कुठे जाणार, हेही अर्जापूर्वी ठरवावे. गाई-बैलांना गोशाळा तरी असते. कुत्र्याला घरच शोधावे लागते. त्या बागायतदाराने चार पंचांसमोर कुत्रा शेजाऱ्याला लिहून दिला. बदल्यात पुढचे वर्षभर त्याने आपल्या शेतातून शेजाऱ्याची पाइपलाइन जाऊ दिली नाही, आणि शेजाऱ्याला उन्हाळी भुईमूग लांबच्या वळणाने पाणी नेऊन भिजवावा लागला. कुत्र्याच्या मानेभोवती केस आले आहेत, जिथे पट्टा रुतला होता तेवढी जागा सोडून. शेजाऱ्याने त्याला पुन्हा पट्टा घातलेला नाही. दिवसा तो भुईमुगाच्या बांधावर पडून असतो.