असा काय हरतोस रे?



लहानपणी नारायणगावात आम्ही मुलं वेताळ-वेताळ खेळायचो. हातोहात फिरून कोपरे दुमडलेली इंद्रजाल कॉमिक्स वाचायची आणि खेळ मांडायचा. वेताळ व्हायला सगळे तयार, पण चाचा व्हायला कुणीच नाही. मी अंगाने किरकोळ, म्हणून ते काम माझ्याकडे. पहिल्याच ठोशाला मी आडवा! मग आमचा वेताळ चिडायचा, "असा काय हरतोस रे? जरा लढ की!"

त्याचं बरोबर होतं. खलनायक पडेल निघाला की नायकाची किंमत उरत नाही.

ली फॉक यांनी वेताळ १९३६ साली निर्माण केला. त्याची कथाच चाच्यांपासून सुरू होते. त्यांनी बाप मारला, आणि किनाऱ्याला लागलेल्या मुलाने मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतली. चाचे नसते तर वेताळही नसता.

जोकर आला १९४० साली, बॅटमनच्या पहिल्या स्वतंत्र अंकात. त्याच अंकात त्याला मारायचं ठरलं होतं, संपादकांनी ऐन वेळी वाचवलं. पुढे बॅटमनचा नेम ठरला, की जीव घ्यायचा नाही. जोकर नेमका तोच मोडायला बघतो. 'आता तरी मारशील?' या प्रश्नासाठी वाचक पान उलटतो, ठोशांसाठी नव्हे.

आबिद सुरतींच्या बहादूरचा (१९७६) बाप तर स्वतःच दरोडेखोर. त्याला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचा सूड घ्यायला निघालेला मुलगा, बापाची करणी कळल्यावर दरोडेखोरांविरुद्ध नागरिकांचं दल उभारतो. इथे खलनायक घरातच आहे, म्हणून नायकाची निवड अवघड आणि मोठी.

आपल्या मुलखाला हे नवं नाही. भीमाशंकराची एक कथा सांगते, की कुंभकर्णाचा मुलगा भीम याला शंकराने मारलं. देवाच्या नावात असुर आधी येतो! वडजच्या, धामणीच्या खंडोबाला आपण मल्हारी म्हणतो. मल्हारी म्हणजे मल्लाचा अरी, शत्रू. त्याचा भाऊ मणी शरण आला, तर देवाने त्याला आपल्याजवळ जागा दिली. जिंकलेल्याने हरलेल्याचं नाव पुसलं नाही.

खलनायक करायला सोपी युक्तीही आहे. एखाद्या चेहऱ्याला, पोशाखाला काळा रंग फासायचा, की झालं. त्याने नायक तसूभरही वाढत नाही. पोरांच्या मनात ते चेहरे मात्र वाईट म्हणून बसतात. म्हणून मुलाने कॉमिक्स मिटलं की एवढंच विचारा, "तो वाईट का झाला रे?" उत्तर पुस्तकात सापडलं, तर पुस्तक चांगलं.

पुढच्या खेळात मी ठरवलं, माझा चाचा उपाशी आहे आणि जहाजावर त्याची माणसं वाट बघताहेत. मग मी हटलोच नाही. त्या दिवशी खेळ दिवेलागणीपर्यंत चालला, आणि जिंकलेला वेताळ दमून माझ्याशेजारी येऊन बसला.